वनस्पतींची धातुसहिष्णुता आणि आपली भूमिपरीक्षा

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका वनौषधी संग्राहकाने जलब्राह्मीचा मोठा भारा चिकित्सालयात आणून दिला. पाने मांसल व हिरवीगार, देठ रसरशीत, रस तिक्त. इतकी पुष्ट ब्राह्मी मी क्वचितच पाहिली होती. सावलीत वाळवून तिचे चूर्ण केले व रुग्णांना देण्यास आरंभही केला. दुसरा भारा आला तेव्हा सहज विचारले, ही मिळते कुठे? तो म्हणाला, “डॉक्टरसाहेब, कारखान्यांच्या मागच्या नाल्यावर. तिथं बारा महिने पाणी असतं, भर उन्हाळ्यातही वाळत नाही ती.”

उरलेले चूर्ण प्रयोगशाळेत पाठविले. शिसे आणि कॅडमिअम दोन्ही मर्यादेबाहेर निघाले. ज्यांना ते दिले होते त्या सर्वांना बोलावून औषध बंद केले व रक्ततपासणी करून घेण्यास सांगितले. त्यांत परीक्षेची तयारी करणारी मुले होती. त्यांच्या पालकांसमोर बसून हे सांगताना जे वाटले, ते या लेखाचे कारण आहे. वर्ण, गंध, रस पाहून मी द्रव्य ग्राह्य ठरविले होते. ज्या पाण्यात शिसे वाहते त्या पाण्यात ही वनस्पती इतकी टवटवीत कशी राहिली, हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

(प्रस्तुत लेखात ‘धातू’ हा शब्द रसरक्तादी सप्तधातूंच्या अर्थी नसून शिसे, कॅडमिअम, पारा आणि सोमल या चौघांसाठी योजिला आहे.)

वनस्पती धातू कसा सोसते?

वनस्पतीची मुळे लोह, जस्त, स्फुरद ही पोषणद्रव्ये ठराविक द्वारांतून आत घेतात. कॅडमिअम हे लोह व जस्ताच्या द्वारातून, तर सोमल हा स्फुरदाच्या द्वारातून आत शिरतो. ही द्वारे त्यांना पूर्णपणे ओळखून अडवू शकत नाहीत. मुळातून पाझरणारी सेंद्रिय आम्ले व मुळांच्या पेशीभित्तिका काही धातू बाहेरच धरून ठेवतात. शिशाचा बराचसा अंश अशा रीतीने मुळातच अडकून राहतो. तरीही जो धातू पेशीच्या आत पोहोचतो, त्याच्यासाठी दुसरी योजना असते.

या योजनेचा शोध आपल्या परिचयाच्या वनस्पतीशी निगडित आहे. म्युनिक येथील ग्रिल, विनॅकर व झेंक या संशोधकांनी सर्पगंधेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांना कॅडमिअमचा संपर्क घडविला. तेव्हा त्या पेशींनी एक विशिष्ट प्रकारची लहान प्रथिनसदृश द्रव्ये तयार केली. १९८५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या द्रव्यांना ‘फायटोकेलॅटिन’ असे नाव मिळाले. ग्लुटाथायोन या पेशीतील नित्य द्रव्यापासून ती बनतात व त्यांच्यातील गंधकयुक्त भाग धातूला घट्ट बांधतो. गंधकाची धातूंशी असलेली मैत्री रसशास्त्राच्या विद्यार्थ्यास नवी नाही. असा बांधलेला धातू पेशीच्या मध्यभागी असलेल्या रिक्तिकेत ढकलला जातो. तेथे तो पेशीच्या दैनंदिन व्यापारांपासून दूर राहतो. पाने हिरवी राहतात, वाढ चालू राहते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. वनस्पतीने धातू नष्ट केलेला नसतो, कारण धातू हे मूलद्रव्य आहे, त्याचे पचन होत नाही. तो केवळ कोठडीत ठेवलेला असतो. आपण चूर्ण करतो तेव्हा ती कोठडी फुटते आणि जठरातील आम्लात ही बंधने सैल होतात. वनस्पतीची सहिष्णुता तिच्या स्वतःपुरती असते, ती रुग्णाच्या उपयोगाची नाही.

काही वनस्पती तर धातू साठविण्यातच निपुण असतात. सह्याद्रीतही आढळणारा टेरिस व्हिट्टाटा हा नेचा सुक्या वजनाच्या २ टक्क्यांहून अधिक सोमल पानांत साठवू शकतो, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. जलब्राह्मीची धातुग्रहणक्षमता लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील संशोधकांनी अभ्यासलेली आहे. दूषित पाणी शुद्ध करण्यासाठी तिचा उपयोग व्हावा, हा त्यामागील विचार. जी वनस्पती नाला शुद्ध करू शकते, तीच त्या नाल्यावरून आणून मी मुलांना देत होतो.

सुश्रुतांनी सांगितलेला क्रम

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ३६ व्या, भूमिप्रविभागीय अध्यायात औषधग्रहणाचा विधी आला आहे. तेथे प्रथम भूमीची परीक्षा सांगितली आहे. स्मशान, वारुळ, खाचखळगे इत्यादींनी दूषित नसलेली भूमी घ्यावी. त्यानंतर, अशा उत्तम भूमीत उगवलेले असले तरी कृमी, विष, अग्नी, पाणी, मार्ग इत्यादींनी उपहत न झालेले, पुष्ट व खोल मुळांचे औषध घ्यावे, असे सांगितले आहे. पदवीच्या अभ्यासात हे सूत्र आपण सर्वांनी पाठ केले. मी मात्र त्यातील ‘पुष्ट’ एवढेच लक्षात ठेवले आणि भूमी विसरलो. आधी भूमी, मग वनस्पती, हा क्रम सांभाळला असता तर ब्राह्मीच्या हिरवेपणाने माझी फसगत झाली नसती.

मर्यादा आणि मात्रा

२००८ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी झाली. रसकल्पांपैकी ४०.६ टक्के, तर रसकल्प नसलेल्यांपैकीही १७.१ टक्के उत्पादनांत शिसे, पारा वा सोमल आढळला. भस्मांचा वाद वेगळा आहे. मात्र ज्या कल्पात धातू घातलेलाच नाही, त्यातही तो सापडावा याचा विचार आपल्याला टाळता येणार नाही. उपकरणे, भेसळ, धूळ अशी त्याची अनेक द्वारे संभवतात. मृत्तिका हे त्यांपैकी एक आहे.

आयुष विभागाने २००५ मध्ये आदेश काढून १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या केवळ वनस्पतिजन्य औषधांसाठी धातुचाचणी अनिवार्य केली. मर्यादा अशा: शिसे १० पीपीएम, सोमल ३, पारा १ व कॅडमिअम ०.३ पीपीएम. मर्यादेत बसले म्हणजे निश्चिंत झालो, असेही नाही. १० पीपीएम शिसे असलेले चूर्ण रोज ६ ग्रॅम घेतल्यास दिवसाला ६० मायक्रोग्रॅम शिसे पोटात जाते. शिशाची निर्धोक म्हणता येईल अशी पातळी ज्ञात नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. गर्भिणीला शतावरी व बालकाला ब्राह्मी महिनोन्‌महिने देताना हा गुणाकार मनाशी करावा.

आपण काय करावे?

संग्राहकाला पहिला प्रश्न भावाचा न विचारता स्थानाचा विचारावा व उत्तर नोंदवहीत लिहावे. नाला, महामार्ग, कारखाने व कचरा डेपो यांच्या परिसरातील द्रव्य कितीही सुंदर दिसले तरी अग्राह्य मानावे. मूळ वापरावयाचे असेल तर शिशाकडे आणि पान वापरावयाचे असेल तर कॅडमिअमकडे विशेष लक्ष द्यावे, कारण कॅडमिअम पानांपर्यंत सहज चढते. स्वतः लागवड करणाऱ्यांनी मातीचा सामू तपासावा. आम्ल मातीत कॅडमिअम अधिक सुटे होते, सेंद्रिय खत व चुना यांनी ते आवरता येते. काही स्फुरदयुक्त खतांतूनही कॅडमिअम शेतात येते, हे ध्यानात असावे. धुण्याने पृष्ठभागावरील माती व धूळ जाते, रिक्तिकेतील धातू जात नाही. वाळविताना पाणी उडून जाते आणि धातू तेवढाच राहिल्याने सुक्या द्रव्यातील त्याचे प्रमाण वाढते. म्हणून फार्मसीचालकांनी चाचणी सुक्या कच्च्या मालाची, प्रत्येक नव्या स्थानासाठी स्वतंत्र करावी. लहान चिकित्सकांना हा खर्च एकट्याने पेलत नसेल तर चौघापाचांनी मिळून एकाच ठिकाणचा माल घ्यावा व एक चाचणी वाटून घ्यावी. आमच्या तालुक्यात आम्ही तसे करीत आहोत.

ती नापास ब्राह्मी उकिरड्यावर टाकता येत नव्हती, तो धातू पुन्हा मातीतच गेला असता. डबा बंद करून वेगळा ठेवला आणि घातक कचरा नेणाऱ्यांच्या स्वाधीन केला. तो संग्राहक आजही माझ्याकडे येतो. आता तो डोंगरापलीकडील एका झऱ्याकाठची ब्राह्मी आणतो. पाने लहान असतात व उन्हाळ्यात मिळत नाहीत. चाचणीत ती उतरली आहे. जेव्हा ती नसते, तेव्हा ब्राह्मी नाही असे मी रुग्णाला सांगतो.