प्रभातमधील दोन दिग्दर्शनवृत्ती

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या पाच भागीदारांपैकी व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल आणि केशवराव धायबर हे चौघे बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडले होते. त्यामुळे नेपथ्य, प्रकाश आणि चौकट यांचा चित्रकाराच्या दृष्टीने विचार करण्याची सवय त्यांच्या अंगी मुरलेली होती. परंतु एकाच तालमीतून दिग्दर्शनाच्या दोन भिन्न वृत्ती निघाल्या, आणि १९४२ पर्यंतच्या प्रभातचे वेगळेपण या दोन वृत्तींच्या सहवासात शोधावे लागते.

शांताराम यांची वृत्ती दाखवून देण्याची होती. कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आल्यानंतर निघालेल्या ‘अमृतमंथन’च्या (१९३४) हिंदी आवृत्तीत चंद्रमोहन यांचा डोळा सबंध पडदा व्यापतो, दूरची वस्तू जवळ ओढून आणणाऱ्या टेलिफोटो भिंगाचा हा वापर परिणामकारक असला, तरी त्यात दिग्दर्शकाची हुशारी प्रसंगापेक्षा अंमळ अधिकच जाणवते. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेल्या ‘कुंकू’मध्ये (१९३७) मात्र त्यांनी स्वतःला आवर घातला. प्रसंगातील भाव गडद करण्यासाठी बाहेरून जोडले जाणारे पार्श्वसंगीत त्यांनी वर्ज्य केले आणि घरातले व रस्त्यावरचे स्वाभाविक आवाजच वापरले. त्यामुळे जरठ-कुमारी विवाहाला नकार देणाऱ्या नीराचा, म्हणजे शांता आपटे यांचा, ताठरपणा भाषणाच्या आहारी जात नाही आणि केशवराव दाते यांच्या काकासाहेबांना कैवार वा धिक्कार आयता मिळत नाही. फुटक्या आरशात वृद्धाची अनेक प्रतिबिंबे दाखवण्याचा मोह त्यांना येथेही टळला नाही, हा भाग निराळा.

दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन याच्या अगदी उलट, जवळजवळ नजरेआड राहणारे आहे. दामले कंपनीतील ध्वनिमुद्रणाचे, तर फत्तेलाल कलादिग्दर्शनाचे जाणकार. आपल्या कारागिरीकडे लक्ष वेधून घेण्याची हौस दोघांनाही नसावी, असे ‘संत तुकाराम’ (१९३६) पाहताना वाटते. रंगभूमीवर पूर्वी स्त्रीभूमिका केलेले विष्णुपंत पागनीस तुकोबा म्हणून विलक्षण संथपणे वावरतात, पण चित्रपटाला जमिनीवर धरून ठेवते ती गौरी यांनी उभी केलेली जिजाई. पोर आजारी आणि घरात दाणा नाही, अशा अवस्थेत ती देवळात शिरून विठोबावर वहाण उगारते. या प्रसंगात कॅमेरा तिच्या संतापाला पाखंड ठरवत नाही आणि गंमतही करत नाही. अखेरीस तुकोबा वैकुंठाला जाण्यासाठी तिला बोलावतात, तेव्हा तिला मुलांच्या जेवणाची काळजी असते आणि ती मागेच राहते. चमत्कार आणि चूल यांना समान वजन देणारी ही रचना तत्कालीन संतपटांत दुर्मीळ होती. व्हेनिसच्या १९३७ च्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला, ही गोष्ट वारंवार सांगितली जाते. जिजाईच्या व्यक्तिरेखेची चर्चा त्या मानाने कमीच होते.

या दोन वृत्तींनी एकमेकींवर अंकुश ठेवला असावा, असा तर्क करता येतो. गणपत हा पोलीस आणि मैना ही वेश्या यांच्यातील ओढ सांगणाऱ्या ‘माणूस’मध्ये (१९३९) तसेच हिंदू-मुस्लिम मैत्रीवरील ‘शेजारी’मध्ये (१९४१) शांताराम यांचा उपदेश पात्रांच्या नित्य व्यवहारातून येतो, ‘शेजारी’च्या शेवटी धरणच फुटते, तरी त्याआधीचे दोन म्हाताऱ्यांचे रुसवे अधिक लक्षात राहतात. १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले आणि मुंबईत त्यांनी राजकमल कलामंदिर उभारले; १९४५ मध्ये दामले निवर्तले. शांताराम बाहेर पडल्यानंतरही प्रभातने चित्रपट काढले, १९४४ च्या ‘रामशास्त्री’सारखी दमदार कृतीही दिली, पण कंपनीचा आधीचा जोम टिकला नाही. शांताराम यांच्या पुढील काळातील ‘नवरंग’मध्ये (१९५९) रंग, नृत्य आणि सजावट यांना मोकळे रान मिळाले, आणि ‘कुंकू’च्या दिग्दर्शकाने पाळलेला संयम तेथे औषधालाही सापडत नाही.