मुक्त स्रोत संकेतस्थळ-निर्मिती प्रणाली व स्थानिक वापरकर्ता मेळावे : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

संकेतस्थळ ही आता केवळ महानगरांतील उद्योगसमूहांची गरज राहिलेली नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी आपल्या कारभाराची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करणे अपेक्षित आहे. नॅकच्या मूल्यांकन प्रक्रियेतही महाविद्यालयाचे अहवाल व पूरक कागदपत्रे संकेतस्थळावर उपलब्ध असावी लागतात. त्यामुळे संकेतस्थळ हे महाविद्यालयाचे दुसरे दप्तरच बनले आहे. हे दप्तर उभारण्याचे साधन विनामूल्य मिळते. तरीही उद्घाटनानंतर थोड्याच काळात संकेतस्थळ जागच्या जागी थांबते, असा अनुभव अनेक संस्थांना येतो. साधन उपलब्ध असूनही असे का घडावे, याचा विचार करताना वापरकर्त्यांच्या स्थानिक मेळाव्यांचे महत्त्व ध्यानात येते. प्रस्तुत लेखात या मेळाव्यांचे स्वरूप, त्यांची महाराष्ट्रातील वाटचाल आणि गोंदिया जिल्ह्यातील महाविद्यालयांना होऊ शकणारा त्यांचा उपयोग यांचे विवेचन केले आहे.

मुक्त स्रोत प्रणालींचे स्वरूप

ज्या संगणकप्रणालीची मूळ संहिता पाहण्याची, बदलण्याची व पुन्हा वितरित करण्याची मुभा परवान्यानेच दिलेली असते, तिला मुक्त स्रोत प्रणाली म्हणतात. संकेतस्थळ-निर्मितीच्या क्षेत्रात ड्रुपल, वर्डप्रेस आणि जूमला या तीन प्रणाली विशेष परिचित आहेत. बेल्जियमचे ड्रीस बायटार्ट यांनी २००१ मध्ये ड्रुपल खुले केले. मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांनी 'बी-टू' या जुन्या प्रणालीच्या आधारे मे २००३ मध्ये वर्डप्रेस प्रसिद्ध केले. 'मॅम्बो' या प्रणालीच्या विकासकांचा गट वेगळा झाल्यावर २००५ मध्ये जूमला अस्तित्वात आली. 'सर्व मिळून' अशा अर्थाच्या स्वाहिली शब्दावरून तिला हे नाव मिळाले. तिन्ही प्रणाली 'जीपीएल' या परवान्याखाली वितरित होतात. आज जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे एकट्या वर्डप्रेसवर चालतात.

या प्रणालींची रचना साधारणतः सारखीच असते. मजकूर विदागारात साठविला जातो, दृश्य मांडणी 'थीम' ठरविते आणि प्रवेश-अर्ज किंवा छायाचित्र-दालन यांसारख्या जादा सुविधा 'प्लगइन'द्वारे जोडल्या जातात. त्यामुळे संहितालेखन न जाणणारा लिपिक किंवा ग्रंथपालही सूचना प्रसिद्ध करू शकतो. मात्र मूळ प्रणाली, थीम व प्लगइन हे तिन्ही घटक वेळोवेळी अद्ययावत करावे लागतात. जूमलाच्या तिसऱ्या आवृत्तीचा आधार ऑगस्ट २०२३ मध्ये, तर ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीचा आधार जानेवारी २०२५ मध्ये संपला. आधार संपलेल्या आवृत्तीत सुरक्षिततेचे नवे दोष आढळले, तरी मूळ प्रकल्पाकडून त्यांची नेहमीची दुरुस्ती होत नाही. तात्पर्य, परवाना विनामूल्य असला तरी देखभाल विनामूल्य होत नाही. तिच्यासाठी जाणकार माणूस जवळ असावा लागतो.

स्थानिक मेळाव्याची संकल्पना

जाणकार माणसे परस्परांना भेटावीत, यासाठी निर्माण झालेली व्यवस्था म्हणजे स्थानिक मेळावा, अर्थात 'मीटअप'. एका शहरातील वापरकर्ते ठरावीक काळाने एकत्र येतात. एखादा सदस्य छोटे प्रात्यक्षिक करून दाखवितो, त्यानंतर प्रत्येकाच्या अडचणींवर चर्चा होते. वर्ग आणि मेळावा यांत मूलभूत भेद आहे. वर्गात शिकविणारा व शिकणारा ही विभागणी स्थिर असते. मेळाव्यात मात्र आज प्रश्न विचारणारा सहा महिन्यांनी उत्तर देणारा होतो.

वर्डप्रेस समुदायाने आपल्या अधिकृत मेळाव्यांसाठी काही तत्त्वे निश्चित केली आहेत. मेळावा हा संपूर्ण समुदायाच्या हितासाठी असावा, एखाद्या व्यवसायाच्या प्रसिद्धीसाठी नव्हे. कौशल्य वा आर्थिक स्थिती न पाहता सर्वांना सदस्यत्व खुले असावे. संयोजक व वक्ते स्वयंसेवक असावेत. कोणत्याही विश्वासू सदस्याला कार्यक्रम आयोजित करण्याची मुभा असावी. तसेच मेळाव्यात कोणाशीही भेदभाव होऊ नये. यांपैकी चौथे तत्त्व विशेष महत्त्वाचे आहे. मेळावा एकाच व्यक्तीच्या हाती राहिला तर तिची बदली होताच तो बंद पडतो. अनेकांनी आळीपाळीने जबाबदारी घेतल्यास त्याला सातत्य लाभते.

महाराष्ट्रातील वाटचाल

या मेळाव्यांतूनच 'वर्डकॅम्प' नावाच्या मोठ्या परिषदा उदयास आल्या. पहिला वर्डकॅम्प २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे झाला, तर भारतात २००९ मध्ये दिल्लीत असा कार्यक्रम झाला. महाराष्ट्रात मुंबई (२०१४), पुणे (२०१५) व नागपूर (२०१७) येथे वर्डकॅम्प भरले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ड्रुपलची आशियाई परिषद पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाली आणि वर्डप्रेसच्या २०२६ च्या आशियाई परिषदेसाठी मुंबईची निवड झाली. शहरात वर्डकॅम्प घेण्यापूर्वी तेथे स्थानिक मेळावा सक्रिय असावा, अशी वर्डप्रेस समुदायाची अपेक्षा असते. म्हणजे परिषद ही फलश्रुती होय. तिचे मूळ दरमहा भरणाऱ्या लहान बैठकीत असते. नागपूरचे उदाहरण विदर्भाच्या दृष्टीने म्हणूनच आश्वासक ठरते. हे कार्य मुंबई-पुण्यापुरते मर्यादित नाही, हे त्यातून दिसून येते.

गोंदिया जिल्ह्याचा संदर्भ

भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. गोंदिया, गोरेगाव, तिरोडा, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी व अर्जुनी मोरगाव हे त्याचे आठ तालुके होत. रेल्वेने नागपूर सुमारे १३० किलोमीटर अंतरावर आहे. दोन तासांच्या बैठकीसाठी सालेकसा किंवा देवरी येथील कर्मचाऱ्याने नागपूर गाठणे म्हणजे संपूर्ण दिवस खर्ची घालणे होय. याउलट गोंदिया हे रेल्वेचे जंक्शन आहे. तिरोडा, आमगाव, सालेकसा, गोरेगाव व अर्जुनी मोरगाव हे तालुके त्याच्याशी रेल्वेने जोडलेले आहेत, तर देवरी व सडक अर्जुनी ही ठिकाणे मुंबई-कोलकाता महामार्गावर येतात. जिल्हापातळीवरील बैठकीस हे केंद्र स्वाभाविकच सोयीचे ठरते.

येथील गरजांचे स्वरूपही वेगळे आहे. जिल्ह्यात मराठीबरोबर हिंदी, पोवारी, गोंडी व छत्तीसगढी भाषा बोलल्या जातात. त्यामुळे एकच सूचना दोन भाषांत कशी द्यावी, हा येथे नित्याचा प्रश्न आहे. दुसरा प्रश्न टंकाचा. कृतिदेव किंवा श्रीलिपी यांसारख्या जुन्या टंकांत तयार केलेला मजकूर तसाच संकेतस्थळावर उतरविला, तर वाचकाच्या पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटतात आणि शोधयंत्रालाही तो सापडत नाही. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते. सूचनेचे छायाचित्र चढविल्यास ती डोळ्यांना दिसते. परंतु दृष्टिहीन विद्यार्थ्याचे वाचक-सॉफ्टवेअर ती सहसा वाचू शकत नाही. अशा अडचणींची उत्तरे इंग्रजी पुस्तिकांत शोधण्यापेक्षा शेजारच्या तालुक्यातील सहकाऱ्याकडून प्रत्यक्ष पाहणे अधिक फलदायी ठरते.

देखभालीचा हा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही. मामा तलाव अर्थात माजी मालगुजारी तलाव हे त्याचे बोलके उदाहरण होय. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आल्यावर तलाव शासनाकडे गेले. परंतु पाळ, पाट व गाळ यांची काळजी घेणारी गावपातळीवरील जुनी व्यवस्था खिळखिळी झाली. अनेक तलाव गाळाने भरले. मालगुजारीतील विषमता लक्षात घेता ती व्यवस्था आदर्श होती असे म्हणता येणार नाही. मात्र एक बोध स्पष्ट आहे. मालकी बदलते तेव्हा देखभालीची नवी सामूहिक व्यवस्था उभारावी लागते. अन्यथा उत्तम बांधकामही निकामी होते. कंत्राटदाराने तयार करून महाविद्यालयाच्या हाती सोपविलेल्या संकेतस्थळाची स्थिती याहून भिन्न नसते.

महाविद्यालयांची भूमिका

मेळाव्यासाठी लागणारी सामग्री महाविद्यालयांजवळ आधीच असते : संगणक कक्ष, इंटरनेट जोडणी आणि जिज्ञासू विद्यार्थी. महिन्यातील एक ठरावीक शनिवार निश्चित करून आळीपाळीने वेगवेगळ्या महाविद्यालयांत बैठक घेता येईल. प्रत्येकाने आपल्या संस्थेचे संकेतस्थळ समोर ठेवून काम करावे. पहिल्या चार बैठकांसाठी पुढील विषय उपयुक्त ठरतील : संपूर्ण संकेतस्थळाची सुरक्षित प्रत घेणे व ती पुन्हा उभी करून पाहणे, आवृत्ती अद्ययावत करणे, जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणे, आणि हस्तांतरण-नोंदवही तयार करणे. शेवटचा विषय सर्वाधिक दुर्लक्षित आहे. संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नावे नोंदले आहे, त्याची मुदत केव्हा संपते व प्रवेशाचे अधिकार कोणाकडे आहेत, याची नोंद संस्थेकडे नसल्यास एका कर्मचाऱ्याच्या निवृत्तीने किंवा एका कंत्राटदाराशी झालेल्या मतभेदाने संस्थेचे दप्तर कुलूपबंद होऊ शकते.

काही मर्यादाही मान्य कराव्या लागतील. परीक्षांच्या काळात उपस्थिती रोडावते, संयोजकांवर विनामोबदला कामाचा भार पडतो आणि मेळावा व्यावसायिकांच्या जाहिरातीचे व्यासपीठ बनण्याचा धोका असतो. म्हणून संयोजनाची जबाबदारी दर सत्रात बदलणे आणि वर उल्लेखिलेली तत्त्वे पहिल्याच बैठकीत मान्य करून घेणे इष्ट ठरेल.

समारोप

मुक्त स्रोत चळवळीने संकेतस्थळाचे साधन सर्वांना खुले केले. ते वापरण्याचे व जपण्याचे सामर्थ्य मात्र माणसांच्या परस्पर सहवासातूनच येते. स्थानिक मेळावा हा त्या सहवासाला नियमित रूप देण्याचा अल्पखर्चिक मार्ग आहे. गोंदियासारख्या जिल्ह्यात त्याचा प्रारंभ दहा-बारा जणांच्या बैठकीनेही होऊ शकतो. त्या बैठकीत एका महाविद्यालयाने जरी आपल्या संकेतस्थळाची सुरक्षित प्रत स्वतःच्या हाताने घेतली, तरी त्या संस्थेच्या दप्तराची किल्ली प्रथमच तिच्या स्वतःच्या हाती येईल.