नदीच्या अभ्यासाबरोबर पसरणारे तण

सुरत शहराच्या कतारगाम विभागाला लागून तापी नदी वाहते. सिंगणपोर व रांदेर यांना जोडणारा बंधारा-पूल १९९५ मध्ये बांधण्यात आला. पावसाळा सरून प्रवाह मंदावला की बंधाऱ्यामागील संथ पाण्यावर जलपर्णी पसरते आणि महानगरपालिकेस ती यंत्रांच्या साहाय्याने काढावी लागते. तिची जांभळी फुले दिसावयास मोहक असतात. त्या मोहापायीच ही दक्षिण अमेरिकेतील वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आणली गेली, असे मानतात.

अशा पाण्याचे नमुने घेण्यासाठी, तेथील मासे व सूक्ष्म जीव पाहण्यासाठी अभ्यासक येतात, आणि त्यांनी यावयासच हवे. परंतु सकाळी तापीत बुडविलेले जाळे दुपारी एखाद्या गावतळ्यात तसेच टाकले, तर जाळ्यात अडकलेला जलपर्णीचा लहानसा तुकडाही तेथे नवे रोप धरू शकतो. तिचे बी चिखलात कित्येक वर्षे जिवंत राहते. म्हणून तळ्यात आज काही दिसत नाही, एवढ्यावरून निर्धास्त राहता येत नाही.

हा केवळ तर्क नव्हे. २००७-०८ च्या उन्हाळी हंगामात अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांचे कपडे, बूट व पिशव्या तपासण्यात आल्या. ज्यांच्याकडे बिया सापडल्या, त्यांच्याकडे माणशी सरासरी सुमारे साडेनऊ बिया निघाल्या. आणि नवल असे की, पर्यटकांपेक्षा शास्त्रज्ञांकडे त्या अधिक होत्या! ज्याचे पाऊल रानावनांत अधिक, त्याच्याबरोबर बीही अधिक, हे उघड आहे. महाराष्ट्राला गाजर गवताचा अनुभव आहेच. १९५० नंतरच्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे तण पुढे देशभर पसरले. त्याचे बी इतके बारीक असते की बुटाच्या खाचेतील चिखलात ते डोळ्यांस दिसतही नाही.

उपाय खर्चाचा नाही. पाण्याबाहेर येताच जाळे, दोर, बादली, गमबूट व नौकेचा तळ न्याहाळावा. चिकटलेली पाने, मुळे व चिखल ब्रशाने काढून तेथेच काठावर ठेवावा. धुण्याचे पाणी ओढ्यात वा गटारात सोडू नये. ४५ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात साहित्य १५ मिनिटे बुडविल्यास बहुतेक लहान जलचर मरतात. कठीण कवचाच्या बियांना मात्र ही मात्रा पुरत नाही, त्यासाठी ब्रशच हवा. नंतर साहित्य उन्हात पूर्ण वाळवावे. दौरा आखताना स्वच्छ तळी आधी व जलपर्णीग्रस्त पाणी शेवटी घ्यावे, म्हणजे निम्मे काम तिथेच होते. कार्यालयांनी नमुने घेण्याची परवानगी देताना ही अट लेखी घालावी.

ग्रामस्थांनीही आलेल्या पाहुण्यास “आधी कोठे उतरला होता?” असे विचारण्यात संकोच मानू नये. शिक्षकांनी सहलीत बरणीत भरून आणलेले पाणी व वनस्पती वर्गातील काम संपल्यावर शाळेजवळच्या विहिरीत किंवा तळ्यात ओतू नयेत. पाणी कोरड्या जमिनीवर, पाण्याच्या स्रोतापासून दूर जिरवावे आणि वनस्पती पूर्ण वाळवून जाळाव्यात.