कृषी निर्यातदार राष्ट्रांचा प्रभाव आणि खानदेशातील कापूस
भडगाव तालुक्यातील कापसाचा भाव केवळ स्थानिक बाजारात ठरत नाही. तो जागतिक व्यापाराशी निगडित असतो. अमेरिकी अनुदानांमुळे कापसाच्या जागतिक किमती घसरतात, अशी तक्रार ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे केली. २००५ मध्ये अपिलीय मंडळाने ब्राझीलच्या बाजूने निर्णय दिला. २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन तडजोड केली. दरम्यान, २००३ च्या कॅनकून परिषदेपूर्वी ब्राझील, भारत आदी विकसनशील राष्ट्रांनी शेतीविषयक वाटाघाटींसाठी गट स्थापन केला होता. यावरून असे दिसून येते की, निर्यातक्षमता, कायदेशीर तयारी व संघटन यांतून राष्ट्राचा प्रभाव निर्माण होतो. परकीय अनुदानांशी एकटा शेतकरी झुंजू शकत नाही. म्हणूनच खानदेशातील कापूस उत्पादकाचे हित अशा वाटाघाटींत ठामपणे मांडले जाणे आवश्यक आहे.