गुनपेई योकोई : परिपक्व तंत्रज्ञानातून नवनिर्मिती

प्रस्तावना
अद्ययावत तंत्रज्ञानाशिवाय नवनिर्मिती होत नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जपानमधील निन्टेन्डो कंपनीचे संशोधक गुनपेई योकोई (१९४१–१९९७) यांची कारकीर्द या समजुतीस छेद देते. रुळलेल्या व स्वस्त झालेल्या तंत्रज्ञानाचा अनपेक्षित ठिकाणी उपयोग करणे, हे त्यांचे सूत्र होते. प्रस्तुत लेखात या सूत्राचे सामर्थ्य व मर्यादा यांचा परामर्श घेतला आहे.

जडणघडण
क्योटो येथे जन्मलेले योकोई १९६५ मध्ये निन्टेन्डोत रुजू झाले. त्या काळी ही कंपनी प्रामुख्याने पत्ते तयार करीत असे आणि कारखान्यातील यंत्रांची देखभाल हे योकोई यांचे काम होते. फावल्या वेळात त्यांनी बनविलेला लांब होणारा चिमटा अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या दृष्टीस पडला. १९६६ मध्ये ‘अल्ट्रा हँड’ या नावाने आलेल्या या खेळण्याचे दहा लाखांहून अधिक नग विकले गेले.

हातात मावणारी उपकरणे
गणकयंत्रांच्या प्रसारामुळे द्रवस्फटिक पडदे स्वस्त झाले होते. त्यांच्याच आधारे योकोई यांनी १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ ही खिशात मावणारी खेळयंत्रे साकारली. अशा उपकरणावर उभा दांडा बसविणे गैरसोयीचे होते. म्हणून १९८२ मध्ये त्यांनी अंगठ्याने चारही दिशांना दाबता येणारी, अधिक चिन्हाच्या आकाराची कळ योजली. पुढे ती खेळयंत्रांच्या रचनेचा सर्वमान्य भाग बनली.

१९८९ मध्ये सातोरू ओकादा आदी सहकाऱ्यांसह त्यांनी ‘गेम बॉय’ सिद्ध केला. त्याचा पडदा रंगीत नव्हता; मात्र चार पेन्सिल सेलवर तो दहा तासांहून अधिक काळ चाले. त्याच वर्षी आलेल्या अटारी कंपनीच्या रंगीत ‘लिंक्स’ला सहा सेल लागत व ते काही तासांतच संपत. ‘गेम बॉय’ आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून सुमारे ११ कोटी ८७ लाख नग विकले गेले.

मर्यादा
१९९५ मधील ‘व्हर्च्युअल बॉय’ मात्र अपयशी ठरला. त्यातही लाल प्रकाशाचे साधे दिवेच वापरले होते. परंतु ते यंत्र मेजावर ठेवून त्यात डोळे खुपसून बसावे लागे. तंत्रज्ञान स्वस्त असले, तरी वापरणाऱ्याची सोय साधली गेली नाही.

समारोप
१९९६ मध्ये योकोई यांनी निन्टेन्डो सोडून स्वतंत्र कंपनी स्थापन केली. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांचा सहभाग असलेले ‘वंडरस्वान’ हे एकाच सेलवर चालणारे उपकरण १९९९ मध्ये बांडाई कंपनीने बाजारात आणले. साधनांची नवता नव्हे, तर गरजेची अचूक जाण हाच नवनिर्मितीचा पाया होय, असा निष्कर्ष त्यांच्या यशापयशावरून काढता येतो.