जुनं इंजिन घेताय? मग ते जमिनीवर असतानाच तपासा

(पॉडकास्टच्या भागाचं लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)

आजचा विषय आहे सेकंडहँड इंजिन. उदाहरणाला ओम्नी घेऊ. मारुतीने ही गाडी १९८४ ते २०१९ अशी पस्तीस वर्षं बनवली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीत आजही कितीतरी जणांचं पोट या व्हॅनवर चालतं. अशा गाडीचं इंजिन बसलं की मेकॅनिक दोन रस्ते सांगतो. एक, आहे तेच खोलून पूर्ण काम करा. दोन, कुर्ल्याला सीएसटी रोडवरून जुनं इंजिन आणा.

दुसरा रस्ता स्वस्त वाटतो, पण हिशोब नीट करा. इंजिनच्या किमतीवर उतरवायची-चढवायची मजुरी, ऑइल, कूलंट, पॅकिंग आणि गाडी उभी राहिल्याचे दिवस येतात. इंजिन खराब निघालं तर हे सगळं दुसऱ्यांदा. म्हणून तपासणी पैसे देण्याआधी, इंजिन जमिनीवर असताना.

डोळ्यांनी काय बघायचं?

धुऊन-पुसून सिल्व्हर रंग मारलेल्या इंजिनवर भुलू नका. रंगाखाली गळती लपते. हेड आणि ब्लॉकच्या सांध्यातून ताजा सिलिकॉन बाहेर आलेला दिसला, तर इंजिन कधी आणि का खोललं होतं ते विचारा.

डिपस्टिक काढा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय. फक्त झाकणाखाली थोडा पांढरा साका असेल तर तो पावसाळी दमटपणाचाही असू शकतो, म्हणून निर्णय डिपस्टिकवर करा. शक्य असेल तर ऑइल एका ट्रेमध्ये काढून त्यात लोहचुंबक फिरवा. बारीक राखाडी चिखल चालतो. चमकणारे कण किंवा तांबूस कपचे दिसले तर बेअरिंग गेलं समजा. तांबं चुंबकाला चिकटत नाही, ते ट्रेच्या तळाशी शोधायचं.

आपल्याकडची एक खास गोष्ट. सीएनजीवर चाललेल्या इंजिनचं ऑइल पेट्रोलच्या मानाने कमी काळं पडतं. त्यामुळे "ऑइल बघा किती साफ आहे!" हा काही पुरावा नाही. उलट गॅसवर वॉल्व्ह सीट जास्त झिजतात, तिथे नीट लक्ष द्या.

पाण्यात बुडालेलं इंजिन

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढा पुन्हा पडला नसेल, पण अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी पावसाळ्यात पाणी भरतं. चालू इंजिनने पाणी ओढलं की काय होतं? पाणी दाबलं जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. असं इंजिन नंतर चालूही होऊ शकतं, आणि काही दिवसांनी तोच रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो.

हे ओळखायचं कसं? सगळे प्लग काढा. पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने, त्याच्या फिरण्याच्या दिशेनेच, दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका. मग प्लगच्या भोकातून जाड प्लॅस्टिकचा स्ट्रॉ पिस्टनवर टेकवा, पिस्टन सर्वात वर आला की स्ट्रॉवर खूण करा. प्रत्येक सिलिंडरला हेच करा. एखादा पिस्टन बाकीच्यांपेक्षा कमी वर येत असेल तर रॉड वाकल्याचा संशय घ्या. मोबाईलला जोडायचा छोटा एंडोस्कोप कॅमेरा मिळाला तर सिलिंडरच्या भिंतीवर गंज आहे का तेही दिसेल.

कॉम्प्रेशन: एक आकडा नाही, फरक बघा

प्लग बाहेर, इग्निशन आणि इंधन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी दमदार. मग गेज लावून स्टार्टर मारायचा. किती आकडा हवा, ते त्या इंजिनच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. पण सिलिंडर-सिलिंडरमधला फरक जास्त बोलका असतो. समजा एका इंजिनचे आकडे १४०, १३८, १३६ पीएसआय आले आणि दुसऱ्याचे १७०, १६५, ११०. मी पहिलं घेईन. ते सगळीकडून सारखं झिजलंय. दुसऱ्यात एका सिलिंडरला ठोस दुखणं आहे. सर्वात कमी आकडा सर्वात जास्त आकड्याच्या दहा-पंधरा टक्क्यांहून खाली नको.

कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग-पिस्टनचं काम. नाही चढला तर वॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर त्यांच्या मधलं पॅकिंग उडालेलं असू शकतं.

आता अडचण अशी, की बऱ्याच गाड्यांत स्टार्टर गिअरबॉक्सच्या अंगाला बसतो. सुटं इंजिन फिरवणार कसं? अशा वेळी पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर कामाला येतो. कॉम्प्रेशन स्ट्रोकला पिस्टन सर्वात वर ठेवा, म्हणजे दोन्ही वॉल्व्ह बंद असतात. प्लगच्या भोकात अडॅप्टर लावून हवा सोडा आणि कान द्या. सायलेन्सरच्या बाजूने फुसफुस आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह. कार्ब्युरेटरच्या बाजूने आली तर इनटेक. ऑइलच्या झाकणातून जोरात आली, म्हणजे मेकॅनिक ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते, तर रिंग. थोडी हवा तिथून येणारच, तिन्ही सिलिंडरची तुलना करा. हवा सोडताना पुलीवर पाना किंवा हात ठेवू नका, इंजिन झटका देतं.

कागद

ब्लॉकवरचा इंजिन नंबर खोडलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर सरळ निघा. चोरीचा माल घेणारा अडकतो. बिलावर इंजिन नंबर, ज्या गाडीतून काढलं तिचा नंबर आणि "चेकिंग गॅरंटी" किती दिवसांची हे लिहून घ्या. तोंडी गॅरंटीला अर्थ नाही. इंजिन बदललं की आरसीवर नोंद हवी. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ बदलांबद्दलचं आहे. म्हणून बसवण्याआधीच आपल्या आरटीओत विचारा: अंधेरीकडे एमएच ०२, बोरिवलीकडे एमएच ४७, घाटकोपर-मुलुंडसाठी एमएच ०३. विमा कंपनीलाही कळवा.

आणि इंजिन पास झालं, तरी बसवण्याआधी टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, पुढचं-मागचं ऑइल सील बदला आणि क्लच प्लेट बघून घ्या. आत्ता हात सहज पोचतो. गाडीत बसल्यावर याच कामाला पुन्हा मजुरी पडते.

विक्रेता प्लग काढू देत नसेल तर? दुसरं दुकान बघा.