अंगात बळ हवं, बाई!

मागच्या दिवाळीतली गोष्ट. भाऊबीजेसाठी अकोल्याला माहेरी गेले होते. आई देवघरापुढे पाटावर बसून पूजा करतेय, हे मी लहानपणापासून पाहत आलेली. या वेळी पाहते तो देवघर भिंतीवर टांगलेलं आणि आई उभ्याउभ्याच दिवा लावतेय!

"हे काय गं आई?"

"खाली बसली का मले उठताच येत नाही वं. परवा मोरीत बसली तं अर्धा घंटा तशीच. शेजारीण आली तवा उठली."

आई त्रेसष्ट वर्षांची. हाड मोडलेलं नाही, गुडघेही तसे बरे. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा ते तपासून म्हणाले, "मांड्यांत ताकद उरली नाही. ताकद वाढवणारा व्यायाम सुरू करा." घरी येईपर्यंत आईचं हसू थांबेना. "या वयात मी आता पैलवान होऊ काय? लोकं हासतीन मले!"

खोटं कशाला सांगू, हसू मलाही आलं. पण बडनेऱ्याला परतताना गाडीत मात्र हसू पळालं. आज देवघर वर गेलं. उद्या जमिनीवर बसून जेवणं जाईल, मग मोरीत एकटीनं जाणं आणि शेवटी एकटीनं घरात राहणं. बाबा गेल्यापासून आईला तेवढंच तर हवंय, आपल्या घरात, आपल्या हातापायांवर राहणं.

जातं गेलं, बळही गेलं

माझी आजी पहाटे जात्यावर ज्वारी दळायची, विहिरीचं पाणी शेंदायची, उखळात तिखट कांडायची. त्या कष्टांचे गोडवे मी गाणार नाही. त्यांनी तिची कंबर मोडली होती. मिक्सर आणि गॅस आले, फार चांगलं झालं. पण त्या कामांनी दंडांना, मांड्यांना, पाठीला जो भार मिळायचा तो गेला आणि त्याच्या जागी आपण काहीच आणलं नाही.

"अहो, दिवसभर राबतोच की आम्ही!" असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणायचे. सकाळी शाळा, दुपारी घर, संध्याकाळी वह्या. पण थकणं वेगळं आणि बळ वाढणं वेगळं. रोज तेवढीच बादली उचलली की शरीराला तिची सवय होते. मग स्नायूंना आणखी मजबूत होण्याचं कारण राहत नाही. चालण्याचंही तसंच. चालणं हृदयाला उत्तम, जरूर चालावं, पण नुसत्या चालण्यानं दंडात आणि पाठीत बळ येत नाही. त्यासाठी भार उचलावा लागतो आणि तो हळूहळू वाढवावा लागतो. 'स्ट्रेंथ ट्रेनिंग' म्हणतात ते एवढंच.

फायदा काय?

तिशीनंतर आपले स्नायू दर दहा वर्षांनी साधारण तीन ते आठ टक्क्यांनी कमी होत जातात. साठीनंतर हा वेग वाढतो. पाळी गेल्यावर बाईची हाडंही झपाट्यानं विरळ होऊ लागतात. म्हणूनच म्हातारपणी साध्या घसरण्यानं खुब्याचं हाड मोडतं. स्नायूवर भार आला की तो हाडाला ओढतो आणि या ओढीमुळे हाड टिकून राहायला मदत होते. शिवाय पाय भक्कम असले की पडण्याची वेळही कमी येते.

दुसरी गोष्ट साखरेची. जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर स्नायूच ओढून घेतात. ते जितके कामात, तितकी साखर आटोक्यात. घरोघरी मधुमेह असलेल्या आजच्या दिवसांत हे लहान नाही. रक्तदाब, झोप, मनाची उभारी यांनाही हा व्यायाम हातभार लावतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली दिलेल्या सल्ल्यात मोठ्या माणसांनी आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करावा, असं स्पष्ट म्हटलं आहे. त्यात बायकांना सूट नाही!

"पण दंड पुरुषांसारखे होतील ना?" ही भीती काढून टाका. तसे स्नायू फुगवणारं संप्रेरक बाईच्या शरीरात फार थोडं असतं. अंग आटोपशीर होतं, इतकंच.

आणि वयाचं म्हणाल तर 1990 साली अमेरिकेत बोस्टनला वृद्धाश्रमातल्या दहा जणांवर प्रयोग झाला. वयं 86 ते 96! आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं, तर मांडीची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. दोघांची तर काठीही सुटली. हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्याहीच्यापुढं तं मी पोरगीच आहो मंग!"

आपल्या अमरावतीत

खरं तर अमरावतीकरणींना हे परक्या देशातून शिकायची गरज नव्हती. 1914 साली वैद्य बंधूंनी, म्हणजे अंबादासपंत आणि अनंतराव यांनी, इथं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. 1936 साली ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचं पथक बर्लिनला जाऊन आपल्या देशी व्यायामाची प्रात्यक्षिकं करून आलं. जोर, बैठका, मुद्गल हे सगळं ताकदीचंच शास्त्र! आज तिथं मुलीही शिकतात. माझ्या शाळेतली सातवीतली एक मुलगी दोरीच्या मल्लखांबावर सरसर चढते. आपण मुलींना पाठवतो, कौतुकानं टाळ्या वाजवतो, पण स्वतः मात्र "आता काय राहिलं आपलं" म्हणून बाजूला बसतो. चुकतं ते इथं.

घरच्या घरी

जानेवारीत मी आईला दोन महिन्यांसाठी अमरावतीला आणलं. एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी शिकवलं, ते दोघी मिळून करू लागलो.

1. खुर्चीवरून उठणं-बसणं : भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवर बसा, शक्यतो हात न लावता उठा, हळूच बसा. सुरुवातीला हातांचा आधार घेतला तरी चालेल.
2. भिंतीचे जोर : भिंतीपासून हातभर दूर उभ्या राहा, तळवे भिंतीला टेकवा, कोपरं वाकवून छाती जवळ न्या, परत सरळ व्हा.
3. बाटल्या उचलणं : अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या पाण्यानं भरा, म्हणजे एकेक अर्ध्या किलोची. कोपर वाकवून खांद्यापर्यंत आणा. जमलं की लिटरच्या घ्या.
4. टाचा उचलणं : ओट्याला धरून चवड्यांवर उभ्या राहा, सावकाश खाली या.
5. पायरी चढणं : कठडा धरून एकच पायरी चढा, उतरा. पाय बदला.

प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, असे दोन फेरे. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. स्नायू विश्रांतीतच बांधला जातो. बारा वेळा सहज जमू लागलं की थोडा भार वाढवा. वीस-पंचवीस मिनिटांत आटपतं. उन्हाळ्यात मात्र सकाळी लवकरच, आपल्या वऱ्हाडातलं ऊन काही विचारू नका!

श्वास रोखून वजन उचलू नका, रक्तदाब चढतो. स्नायू थोडे दुखणं साहजिक, पण सांध्यात कळ, छातीत दुखणं किंवा चक्कर आल्यास लगेच थांबा. रक्तदाब, हृदयविकार, ठिसूळ हाडं किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि ताटाचं काय?

बळ नुसत्या व्यायामानं येत नाही. स्नायूंना प्रथिनं लागतात. साठ किलोच्या बाईला रोज साधारण पन्नास ग्रॅम. कच्च्या तीस ग्रॅम डाळीत सुमारे सात ग्रॅम मिळतात, एका अंड्यात सहा. आमचं अकोलं तूरडाळीचं गाव, पण सगळ्यांची जेवणं झाल्यावर बाईच्या वाट्याला येतं तळाचं पातळ वरण! आईनं आयुष्यभर तेच खाल्लं. आता तिच्या ताटात घट्ट वरणाची वाटी आधी वाढली जाते. दही, फुटाणे, मोड आलेली मटकी हेही सोबतीला.

आई मार्चमध्ये अकोल्याला परतली. व्यायाम चालू आहे का, म्हणून मी फोनवर विचारायची, ती "हो वं, हो" म्हणायची. खरं-खोटं कळायला मार्ग नव्हता. अक्षय्य तृतीयेला गेले तर देवघर पुन्हा खाली, चौरंगावर! आई पाटावर बसली, घागरीची पूजा केली, मग एक हात पाटावर टेकवून, थोडी अडखळत, पण उठली. मी धरायला धावले तर म्हणाली, "सोड, सोड! धरशीन तं मी कशी शिकीन?"